तक्त्यावरचं कुंकू

नवलाख उंबऱ्याच्या निवृत्ती बधालेला यंत्राची पूजा कुणी शिकवायची गरज पडली नाही. गावाला लागून एमआयडीसी आली तेव्हा तो आयटीआयमधून वायरमन होऊन नुकताच बाहेर पडला होता, आणि पहिली नऊ वर्षं त्याने पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये काढली. तिथे खंडेनवमीच्या सकाळी एकेक प्रेस बंद व्हायचा. वर्षाचं ग्रीस रॉकेलने निघायचं, मग झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, पेढा. चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही, आधी त्याला थांबवायचं, हा तिथला नेम. वर्षभर राबलेल्या लोखंडाला निदान पूजेपुरता तरी विसावा मिळावा, असं फोरमन सांगायचा. निवृत्तीच्या मनात हा नेम असा मुरला, की पुढे नोकरी बदलली तरी नेम बदलला नाही.

नोकरी बदलली ती तळेगावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. तिथले सगळे कॉम्प्युटर त्र्यंबकराव मेहेंदळे सांभाळत. माणूस तोंडाने फटकळ, हाताने नेटका, दुसऱ्याने गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही असा. निवृत्तीने गुंडाळलेली वायर त्यांनी एकदा तशीच राहू दिली, आणि तिथून निवृत्तीचं नशीब फिरलं. सहा वर्षांत त्यांनी ह्या वायरमनला सर्व्हर शिकवले. त्याचं इंग्रजी बेताचं, म्हणून प्रत्येक गोष्ट मराठीत फोडून सांगितली आणि चुकला की सगळ्यांसमोर झाडलं. निवृत्तीला त्या झाडण्याचा राग कधी आला नाही. आपल्याला कुणी इतकं मनावर घेतंय, ह्याचंच त्याला अप्रूप होतं.

त्र्यंबकरावांनी शिकवलेलं थोडक्यात असं. खोलीत लोखंडी सर्व्हर दोनच, पण त्यांच्या पोटात सात मशीनं चालतात. ती नुसती सॉफ्टवेअरची, हाताला न लागणारी. एक पेशंटच्या नोंदी ठेवतं, एक लॅबचे रिपोर्ट, एक औषधं. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणायचं. त्यांच्या सगळ्या फायली शेजारच्या स्टोरेजच्या कपाटात असतात. एखादा सर्व्हर बंद करायचा झाला तर त्याच्या पोटातली मशीनं चालता चालता दुसऱ्याच्या पोटात सरकवता येतात, वॉर्डातल्या नर्सला पत्ताही लागत नाही. आणि तळेगावात काही आक्रीत घडलंच, तर लोणावळ्याच्या अंगाला वलवणला, धरणाच्या खालच्या रस्त्यावर, ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. तिथल्या एका खोलीत ह्या सातही मशीनांची प्रत असते. इथे जे बदलतं ते दर पंधरा मिनिटांनी तिकडे जाऊन त्या प्रतीत भरतं. ह्याला रेप्लिकेशन म्हणायचं. रोजचा बॅकअप वेगळा, पण तो परत भरायचा तर सगळा दिवस जातो. वलवणची प्रत मात्र पंधरा-वीस मिनिटांत उभी राहते.

आता एवढ्या सोयी एका घरात आणल्या की त्या एकमेकींशी पटवून घेतात का, हे बघावं लागतं. त्र्यंबकरावांनी त्याचा तक्ता केला होता. मोठ्या आलेखाच्या कागदावर, स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात. डावीकडे एकेक सोय: चालतं मशीन सरकवणे, डिस्कच्या फायली हलवणे, जुन्या अवस्थेवर परत जाणे, मशीन बंद ठेवणे. उजवीकडे, रेप्लिकेशन चालू असताना हे चालतं का, त्याची बरोबरची किंवा चुकीची खूण. प्रत्येक खुणेखाली बारीक अक्षरात एक ओळ. तो तक्ता सर्व्हरच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवला होता. "जुळतं म्हणजे ह्या अटीवर भांडत नाही, एवढंच," ते म्हणायचे. "खूण बघून पळायचं नाही. खालची ओळ वाचायची."

खंडेनवमीची पूजा सर्व्हरच्या खोलीत आणली ती निवृत्तीने. त्र्यंबकरावांनी आधी नाक मुरडलं. लोखंडाला हार घालून ते जास्त चालत नाही, असं त्यांचं मत. पण वर्षातून एकदा प्रत्येक सर्व्हर रिकामा करून, बंद करून, आतली धूळ काढायची हे काम त्यांनाही हवंच होतं, आणि निवृत्तीच्या नेमात ते आपोआप व्हायचं. मग मशीनं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सरकवायची, रिकामा झालेला बंद करायचा, पुसायचा, पुजायचा, पुन्हा चालू करायचा, की दुसऱ्याची पाळी. हॉस्पिटल चालूच. ट्रस्टच्या प्रशासन अधिकारी अरुंधतीबाई स्वतः आरतीला यायच्या आणि पेढा घेऊन जायच्या. पूजा संपली की निवृत्ती उरलेलं हळदकुंकू दाराच्या तक्त्यालाही लावायचा. ज्या कागदाने हे सगळं शिकवलं तो कागदही पूजेतलाच, असा त्याचा साधा हिशेब होता. त्र्यंबकराव निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि तक्त्यावर दरवर्षी कुंकवाची बोटं चढत गेली.

ह्या वर्षी खंडेनवमी बुधवारी आली. सकाळी साडेआठपर्यंत तळेगावची पूजा आटोपून निवृत्ती मोटरसायकलवर वलवणला निघाला. वलवणला दरवर्षी रेप्लिकेशन अर्धा तास थांबवायचं, मग तिथला सर्व्हर आणि प्रत ज्यात असते तो डिस्कचा डबा बंद करून पूजा करायची, आणि मग सगळं पुन्हा जोडायचं, अशी त्र्यंबकरावांनी घालून दिलेली रीत. पण यंदा वलवणला डिस्कचा दुसरा डबा आला होता. कामशेतच्या पुढे गाडीवर असतानाच त्याच्या डोक्यात आलं, की आता थांबवायची गरजच काय? तळेगावात नाही का आपण मशीनं सरकवत. तसंच प्रतीच्या फायली दुसऱ्या डब्यात हलवायच्या आणि पहिला डबा बंद करून पुजायचा. तक्त्यावर 'डिस्कच्या फायली हलवणे' ह्याच्यापुढे बरोबरची खूण आहे, हे त्याला चांगलं आठवत होतं. सकाळीच तिथे ताजं कुंकू लावून तो निघाला होता.

फायली हलल्या. वलवणचा जुना डबा थंड झाला, पुसला गेला, त्याच्यावर झेंडू चढला. दवाखान्यातल्या दोन नर्सेसनी नारळ फोडला. निवृत्तीने समोरचा पडदा बघितला, सर्व्हर हिरवा, डबे दोन्ही हिरवे. आपल्या बुद्धीवर तो खूश होता. सरांनाही जे सुचलं नाही ते मला सुचलं, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं गोड होतं, म्हणून त्याने फार चौकशी केली नाही.

झालं होतं असं: तळेगावच्या बाजूने मूळ मशीनच्या फायली कितीही हलवा, सॉफ्टवेअर त्यांच्या मागोमाग जातं. वलवणच्या बाजूला मात्र ते प्रत जिथे ठेवली तिथेच शोधतं. प्रत जागेवरून उचलली की त्याचा माग तुटतो. त्या सकाळी दहा चाळीसला शेवटचा बदल वलवणला पोचला आणि पुढे एकही पोचला नाही. सॉफ्टवेअर गप्प बसलं नाही, त्याने दर तासाला इशाऱ्याची मेल पाठवली. ती जात होती त्र्यंबकरावांच्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता ते निवृत्त झाल्यापासून कुणी उघडला नव्हता. लाल खूणही होती, पण रेप्लिकेशनच्या वेगळ्या पानावर. निवृत्ती बघायचा ते पान यंत्रांच्या तब्येतीचं, आणि यंत्रांची तब्येत ठणठणीत होती.

गुरुवारी दसरा. संध्याकाळी गावच्या देवळापुढे सोनं वाटायला सगळे जमले. गावातले थोरले हौशीराम आबा तिथे पायाला पट्टी बांधून खुर्चीवर बसले होते. साखरेमुळे पायाची जखम चिघळून बारा दिवस ते निवृत्तीच्याच हॉस्पिटलात चौदा नंबरच्या खाटेवर होते, आणि दसऱ्याला घरी सोडा म्हणून डॉक्टरांचं डोकं खाऊन त्याच सकाळी सुटून आले होते. निवृत्तीने त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि पाया पडला. आबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हॉस्पिटलातला आपला माणूस म्हणून गावात त्याची मान ताठ होती, ती त्या दिवशी आणखी जरा ताठ झाली.

शुक्रवारी सकाळी अकरा वीसला तळेगावचं स्टोरेजचं कपाट बसलं. आतलं एक कार्ड जळालं आणि सातही मशीनं एकदम मेली. सर्व्हर दोन असून उपयोग नव्हता, कारण कपाट एकच. वॉर्डात पडदे गोठले, लॅबमध्ये रांग लागली, औषधांच्या खिडकीवर आरडाओरडा सुरू झाला. निवृत्तीच्या तोंडचं पाणी पळालं, पण हात चालू राहिले. ह्याच दिवसासाठी तर वलवण होतं. सॉफ्टवेअरमधून प्रत उभी करायला गेला तर ते म्हणालं, प्रत सापडत नाही. तेव्हा त्याला शंका यायला हवी होती. त्याला वाटलं, आपण डबा बदललाय म्हणून असेल. त्याने नव्या डब्यातून मशीनं हातानेच नोंदवली आणि एकेक चालू केलं. अकरा बावन्नला वॉर्डातले पडदे जिवंत झाले. अरुंधतीबाईंनी फोन करून शाबासकी दिली. कुणीतरी त्याला चहा आणून दिला.

चहाचा कप हातात घेऊन त्याने सहज वॉर्डची यादी उघडली, सगळं आलंय ना हे बघायला. खाट चौदा, हौशीराम.

त्याने पुन्हा वाचलं. काल संध्याकाळी ज्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली ते आबा इथे चौदा नंबरवर झोपले होते, आणि बाराचं इन्सुलिन त्यांच्या नावासमोर वाट बघत होतं. त्याने रेप्लिकेशनचं पान उघडलं. शेवटची प्रत, बुधवार, दहा चाळीस. वॉर्डात दिसत होतं ते परवाचं हॉस्पिटल होतं. परवानंतर जे आले ते त्यात नव्हते आणि जे गेले ते त्यात अजून औषधं घेत होते.

पडद्याच्या कोपऱ्यात अकरा पंचावन्न वाजले होते. वॉर्ड एक जिना वर. ओरडला असता तरी ऐकू गेलं असतं, आणि टेबलावर इंटरकॉम होता. निवृत्ती उठला नाही. पुढची दहा मिनिटं तो काय करत होता हे त्याला नंतर अगदी बारीकसारीक आठवत राहिलं. जुन्या डब्यात काही ताजं सापडतंय का ते त्याने बघितलं. रेप्लिकेशन पुन्हा जोडायचं बटण दाबलं, तळेगावचं कपाटच मेलेलं, म्हणून ते जोडलं गेलं नाही. बॅकअपची यादी चाळली. मनात एकच चाललं होतं: कुणाला कळायच्या आत जुळवतो. आत्ताच शाबासकी मिळालीय. आत्ताच वर जाऊन, थांबा, हे सगळं खोटं आहे, आणि ते मी केलंय, असं कुठल्या तोंडाने सांगू. त्याला लाज वाटत होती, भीती त्याहून जास्त वाटत होती, आणि दोन्ही त्याने कामाच्या घाईखाली दडपून टाकल्या.

बारा चारला त्याने त्र्यंबकरावांना फोन लावला आणि घाईघाईत सगळं सांगितलं. ते सॉफ्टवेअरबद्दल काहीतरी सांगतील, अशी त्याची अपेक्षा होती.

"वॉर्डात सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, आधी म्हटलं बघावं..."

"फोन ठेव. वर जा."

तो धावला. तेजल सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन वीस नंबरपाशी पोचली होती. अर्धा तास पडदे बंद असल्यामुळे बाराचे सगळे डोस तुंबले होते, बावीस पेशंटना ती एकटी, आणि तिच्या हातात खाटेच्या नंबरांप्रमाणे छापलेली यादी. निवृत्तीने दारातूनच सांगितलं की यादी परवाची आहे, काही देऊ नका. तेजलने यादीकडे बघितलं, मग मागे वळून चौदा नंबरकडे, आणि ट्रे खाली ठेवला.

चौदा नंबरवर बेडशाच्या चिमाबाई होत्या. लेण्यांच्या पायऱ्यांखाली ताक आणि काकड्या विकणाऱ्या. दसऱ्याला गर्दी म्हणून हंडा घेऊन वर चढायला गेल्या, पाय घसरला, मनगट मोडलं. दुपारी दोनला ऑपरेशन म्हणून आदल्या रात्रीपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि साखरेचा आजार त्यांना कधीच नव्हता. हौशीराम आबांचं इन्सुलिन त्यांच्या दंडात गेलं ते बारा वाजून एक मिनिटाने. कालपासून सुया टोचतच होते, हीही त्यातलीच असेल म्हणून त्यांनी मुकाट दंड पुढे केला होता.

डॉक्टर धावत आले, ग्लुकोजची बाटली लागली. साडेबाराला चिमाबाईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आपण कुठे आहोत ते कळेना. त्या कुणाला तरी हाका मारत राहिल्या. निवृत्ती भिंतीला पाठ लावून उभा होता आणि त्याला कुणी जा म्हटलं नाही, कारण त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. चारच्या सुमारास त्या पुरत्या भानावर आल्या आणि त्यांनी चहा मागितला, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

शनिवारी कपाटाचं कार्ड बदललं गेलं. आतल्या फायलींना धक्काही लागला नव्हता. बुधवार ते शुक्रवारच्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा परत आल्या. वलवणचं रेप्लिकेशन नव्याने जोडलं गेलं आणि रविवारी सकाळी हिरवं झालं.

सोमवारी अरुंधतीबाईंनी चौकशी लावली. निवृत्तीने पूजेचं, डब्याचं, फायली हलवल्याचं सगळं सांगितलं. बाई रागावल्या, पण त्या पूजेचा पेढा त्यांनीही खाल्ला होता आणि ते त्यांना आठवत होतं. दोन सोयी एकमेकींशी जुळल्या नाहीत, अनवधानाने चूक झाली, असं त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या वर्षी नुसता हार घालायचा, बंद काही करायचं नाही, एवढ्यावर ते मिटलं. निवृत्तीच्या जबानीत शेवटचं वाक्य असं होतं, की प्रत जुनी असल्याचं दिसताच मी लगेच वॉर्डात धावलो. ते त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. लिहिताना 'लगेच' ह्या शब्दावर पेन क्षणभर अडलं, आणि मग पुढे गेलं.

तेजलचं मात्र मिटलं नाही. नाव न विचारता इंजेक्शन दिलं, हे तर खरंच होतं. चौकशी पुरी होईपर्यंत तिला घरी बसवलं. तिने कुणाला दोष दिला नाही, वाद घातला नाही. ड्रेस बदलून, डबा घेऊन ती लोणावळ्याची लोकल गाठायला निघून गेली. निवृत्तीने तिला गेटमधून जाताना खिडकीतून बघितलं. बारा वाजून एक मिनिट आणि अकरा पंचावन्न ह्यांच्यामध्ये सहा मिनिटं येतात, हे गणित त्याला तेव्हापासून सुटेना. दिसल्याबरोबर उठून वर गेला असता तर तेजल अजून तीन नंबरच्या खाटेपाशी असती.

त्या संध्याकाळी त्र्यंबकराव हॉस्पिटलात आले, दोन वर्षांत पहिल्यांदा. सर्व्हरच्या खोलीत येऊन त्यांनी दार लावलं आणि तक्त्यासमोर उभे राहिले. 'डिस्कच्या फायली हलवणे' ह्या ओळीवर कुंकवाचा जाड लाल थर होता. त्यांनी नखाने तो हळूच खरवडला, पण खालचं अक्षर कुंकवाबरोबर निघून आलं. मग खिशातून जुनी वही काढून त्यांनी स्वतःची प्रत वाचली: फक्त तळेगावकडे, वलवणच्या प्रतीला हात लावू नये, लावायचाच तर आधी रेप्लिकेशन थांबवावे.

निवृत्ती मान खाली घालून उभा होता. "सर, मीच लावलं कुंकू."

"कुंकवाचं मी काही बोलत नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "इतकी वर्षं मीही बघत होतो, मला सांगता आलं असतं. इशाऱ्याच्या मेलचा पत्ता मी बदलला नाही, तेही माझं." त्यांनी वही मिटून खिशात ठेवली. "तुझा फोन मला बारा चारला आला होता."

एवढं बोलून ते गेले. त्यांनी नेहमीसारखं झाडलं असतं तर बरं, असं निवृत्तीला वाटलं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हते, आणि त्याला तेच सोसवेना.

बुधवारी चिमाबाईंना घरी सोडलं. प्लॅस्टरचा हात गळ्यात, दुसऱ्या हातात पिशवी, अशा त्या स्वतः विचारत विचारत सर्व्हरच्या खोलीपर्यंत आल्या. बरोबर त्यांची सून समीक्षा होती. पिशवीत घरच्या वेलाच्या काकड्या होत्या.

"तूच का रं तो धावत आलेला?" चिमाबाई म्हणाल्या. "डाक्टर म्हनत व्हते, हा आला म्हनून लवकर कळलं. घे. लय न्हाईत, पन घरच्या हायेत."

निवृत्तीने पिशवीला हात लावला नाही. समीक्षाने ती टेबलावर ठेवली. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि त्याच्या तोंडातून गावची बोली निघाली, जी तो हॉस्पिटलात कधी बोलत नसे.

"मावशी, मी लगेच न्हाई आलो. मला कळलं व्हतं. धा मिनटं मी हितंच बसून व्हतो. मला कळलं तवा तुमाला सुई दिली न्हवती."

समीक्षाचा हात पिशवीवरून मागे आला. चिमाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रागावण्याइतकं बळ त्यांच्यात नव्हतं, किंवा असेल तर त्यांनी ते वापरलं नाही.

"मंग त्या पोरीला का घरी बशीवलं?" त्यांनी विचारलं. "रोज केस इंचरायची माझं. एका हातानं मला जमत न्हाई म्हनून."

ह्याचं उत्तर त्या खोलीत बसून द्यायचं नव्हतं. चिमाबाई सुनेचा आधार घेऊन निघून गेल्या. काकड्या टेबलावरच राहिल्या, दिल्या म्हणून की विसरल्या म्हणून, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तो तसाच अरुंधतीबाईंच्या केबिनमध्ये गेला आणि आपली जबानी परत मागितली. 'लगेच' ह्या शब्दावर रेघ मारून त्याने वर लिहिलं: दहा मिनिटांनी. खाली सही केली, तारीख घातली. बाईंनी ते दोनदा वाचलं. हे लिहिलंत तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि का लिहिताय असं विचारलं. सुईच्या आधी सहा मिनिटं होती, तेजल सिस्टरच्या नाही, ती माझ्या हाती होती, असं काहीतरी तो बोलला. वाक्य नीट जुळलं नाही, पण बाईंना कळलं.

पुढच्या सोमवारी तेजल कामावर परत आली. तिला लेखी ताकीद मिळाली, पण नोकरी राहिली. त्याच दिवशी निवृत्ती किल्ल्या द्यायला आला होता. गावाजवळच्याच एका कारखान्यात मेंटेनन्सला वायरमन म्हणून त्याचं ठरलं होतं, पहिली नऊ वर्षं जे केलं तेच. खोली सोडताना त्याने दारावरचा तक्ता काढला नाही. त्र्यंबकरावांच्या वहीवरून तसाच नवा तक्ता कोऱ्या कागदावर लिहून त्याने जुन्याच्या वर चिकटवला होता. पहिली ओळ त्याने आपल्या मनाची घातली होती, मोठ्या अक्षरात: प्रत जुनी दिसली तर आधी वॉर्डात सांगा.

जिन्यात तेजल भेटली. तो बाजूला झाला. ती दोन पायऱ्या वर जाऊन थांबली.

"निवृत्तीदादा, एक विचारू? ती दहा मिनिटं तुम्ही काय करत होता?"

त्याच्याकडे पुष्कळ उत्तरं होती. डबा, बटण, बॅकअपची यादी. पण ती खरी नव्हती.

"स्क्रीनकडं बघत होतो," तो म्हणाला.

तेजलने मान हलवली. "मीपण," ती म्हणाली. "चिमाबाई समोर बसल्या होत्या, माझ्याकडे बघत. मी यादीच बघत होते."

मग वॉर्डातून कुणीतरी तिला हाक मारली आणि ती वर गेली. निवृत्तीने किल्ल्या खिडकीवर दिल्या, वहीत सही केली आणि तो गेटबाहेर पडला.